कायनेटिक दोर घ्यावा का? सत्तरीचा चिखल, मोरजीची रेती आणि सोलंगचा बर्फ बघून झाल्यावर लिहितोय

सरळ मुद्द्यावर येतो. ९ मीटरचा, २२ एमएम जाडीचा कायनेटिक रिकव्हरी दोर (म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढायचा ताणणारा दोर), दोन सॉफ्ट शॅकल (दोर गाडीला अडकवायच्या धाग्याच्या कड्या), हातमोजे आणि एक बॅग असा किट मी ऑनलाइन साडेनऊ हजारांना मागवला आणि पाऊस, रेती, बर्फ तिन्हीकडे वापरून झालाय, तेव्हा आता रिव्ह्यू लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव देत नाही कारण खाली थोडं वाईटही लिहिणार आहे, आणि तसंही हाच दोर बाजारात चार वेगवेगळ्या स्टिकरखाली विकला जातो असा मला दाट संशय आहे.

आधी पार्श्वभूमी. घर गोव्यात सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या बाजूला, गाडी फोर बाय फोर डबल कॅब पिकअप, घेतली ती काजू, सुपारी, खताच्या गोण्या वाहायला. पण केरीहून चोर्ला घाट चढणारा रस्ता जवळ, त्यामुळे जूनपासून फोन सुरू होतात, कोणाचं चाक गटारात, कोणी कुळागरात (सुपारीच्या बागेत) उतरून फसला, कोणी गुगल मॅपवर भरवसा ठेवून कच्च्या रस्त्याला लागला. गावात एक फोर बाय फोर आहे म्हटलं की ती सगळ्यांचीच असते हे ज्याच्याकडे आहे त्याला माहीत. आधी मी ट्रकवाल्यांचा जाड दोर वापरायचो आणि पेट्रोल पंपाजवळ मिळते ती दोन टोकांना लोखंडी हुक असलेली पट्टी. त्या पट्टीबद्दल एकच सांगतो, हुक सुटला तर तो काच फोडून आत येतो, ती घेऊच नका.

हा दोर प्रत्यक्षात मागवला तो मनालीसाठी. फोंड्याचे मित्र आणि आम्ही हिवाळ्यात दोन गाड्या घेऊन जाणार होतो, बर्फात लोक अडकलेले व्हिडिओ बघून बघून सगळ्यांना वाटलं की आपण असं सामान नेऊया की आपण अडकलो तर निघू आणि दुसऱ्यालाही काढू. गंमत अशी की ज्या कामासाठी घेतला तिथे तो बहुतेक वेळ बॅगेतच राहिला आणि इथे चिखलात मात्र पैसे वसूल झाले. का ते पुढे सांगतो.

तर कायनेटिक म्हणजे काय. साधी टोइंगची पट्टी पॉलिएस्टरची असते, ती फारशी ताणली जात नाही, त्यामुळे पुढच्या गाडीने झटका दिला की तो पूर्णच्या पूर्ण दोन्ही गाड्यांच्या हुकांवर आणि चॅसीवर जातो. हा दोर नायलॉनचा, आत एक वीण आणि वरून दुसरी वीण, आणि ताण आला की २० ते ३० टक्के लांबतो, म्हणजे नऊ मीटरचा अकरा-साडेअकरा मीटर होतो. पिकअप पुढे जाते, तिचा जोर दोरात साठतो आणि दोर परत आखडायला लागला की अडकलेली गाडी त्या जोराने वर येते. आत बसलेल्याला दणका असा लागतच नाही. वापरायचं असं, दोर टाइट न ठेवता मीटर-दीड मीटर ढिला सोडायचा, लो रेंज (फोर बाय फोरचे कमी स्पीडचे, जास्त जोराचे गिअर), त्यात दुसरा गिअर, आणि माणूस धावतो त्या स्पीडने निघायचं. पिक्चरमध्ये दाखवतात तसं लांबून पळवत आणायची काही गरज नाही. एकदा नाही निघाली तर उतरून बघा चाकं कशात अडकलीयत, परत परत जोर वाढवत बसू नका.

लाल चिखलात हे जे आहे ना ते खरंच जबरदस्त काम करतं. आपली चिऱ्याची माती भिजली की चाकाला धरून ठेवते, चाक फिरतं पण गाडी हलत नाही, साध्या पट्टीने ओढलं की एकतर माझीच चाकं घसरायची नाहीतर समोरच्याचा बंपर हातात यायचा. या दोराने एक बोलेरो काढली, काजूच्या भाटात पार पोटावर बसली होती, दुसऱ्याच ओढीला पच् असा आवाज करून बाहेर आली, आणि माझ्या गाडीत मला फक्त मागून कोणीतरी धरून सोडल्यासारखं वाटलं.

पण दरवेळी दोराची गरज नसते, हे मला या रिव्ह्यूमध्ये मुद्दाम लिहायचंय कारण दोर विकणारा हे कधीच सांगणार नाही. चवथीच्या आदल्या दिवशीचं उदाहरण सांगतो. एक ईको, मागे माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-फुलं टांगतात त्या मांडवाचं) सामान ठासून भरलेलं, समोरून बस आली म्हणून याने बाजू दिली आणि डावीकडची दोन्ही चाकं रस्त्याच्या कडेच्या भुसभुशीत मातीत एक्सलपर्यंत आत. गाडी तिरकी, आत मागच्या सीटवर एक मावशी मांडीवर पिशवी धरून बसलेल्या, उतरा म्हटलं तर उतरेनात. चालवणारा पोरगा घाईत, "दादा, आधी ओढून काढा बघू, घरी सगळे वाट बघतायत." आणि मावशी आतून, "अरे बाबा, हळू हां, आत कवंडळं आहेत, फुटतील." आता तिरक्या गाडीला तसाच दोर लावून ओढली असती तर ती आणखी गटारात आडवी झाली असती. म्हणून आधी फावडं. चाकासमोरची माती उतरती करून काढली, साचलेलं पाणी वाट करून सोडलं, एक्सलखाली हात घालून बघितलं की खाली दगड नाही ना, मग चिऱ्याचे तुकडे चाकाखाली सारले, आणि मावशींना शेवटी उतरवलं (पिशवी त्यांनी सोडली नाही). मग दोर जोडला, पण ढिला न सोडता, टाइट करून अगदी सावकाश. पहिल्या ओढीत वर. आंबाडे, चिबूड, सुपारीचे घोस सगळं जिथल्या तिथे. या सगळ्यात दोराचं काम अर्ध्या मिनिटाचं, बाकी वेळ फावड्याचा. आणि ते फावडं तीनशे-चारशे रुपयांचं.

खरी गोची असते ती अडकलेल्या गाडीला दोर लावायचा कुठे. पिकअपला मागे मी हिच रिसीव्हर (ट्रेलर किंवा दोर अडकवायची लोखंडी चौकोनी नळी) बसवून घेतलाय, माझ्या बाजूची चिंता नाही. पण समोरची हॅचबॅक? नव्या गाड्यांत बंपरवर एक चौकोनी झाकण असतं, ते काढून आत टो आय नावाची रिंग स्क्रूसारखी फिरवून बसवायची असते, आणि ती रिंग असते डिकीत स्टेपनीच्या टूलकिटमध्ये. दहातल्या नऊ जणांना हे माहीतच नसतं, आणि रेंट अ कारवाल्या गाड्यांत तर टूलकिट उघडलं की आत एक पाना आणि कोणाचं तरी जुनं मास्क. बरं रिंग मिळाली तरी ती सरळ रस्त्यावर सरळ रेषेत हळू टो करण्यासाठी आहे, चिखलात रुतलेल्या गाडीला कायनेटिकचा जोर द्यायला नाही, तिरका ताण पडला की वाकते नाहीतर तुटते. म्हणून छोट्या गाडीला मी या दोराने पळत ओढत नाहीच. त्यात आणखी एक गोष्ट, दोर गाडीच्या वजनाला जाड असला तर तो ताणलाच जात नाही. माझा २२ एमएमचा दोर दोन टनी गाडीला ठीक आहे, टनभराच्या आत वजन असलेल्या स्विफ्टला तो जवळजवळ साध्या पट्टीसारखाच लागतो, मग कायनेटिकचे पैसे कशाला दिले?

आणि टो बॉल, म्हणजे ट्रेलर अडकवायचा तो लोखंडी गोळा, त्याला चुकूनही दोर लावायचा नाही. तो मोडला की दोराच्या ताणाने गोळीसारखा सुटतो, ऑस्ट्रेलियात यात माणसं मेलेली आहेत. किटमधल्या सॉफ्ट शॅकलचा फायदा इथेच आहे, त्या लोखंडाच्या नाहीत, डायनीमाच्या धाग्याच्या विणलेल्या आहेत, हातात घेतल्या तर वजनच लागत नाही, पाण्यावर तरंगतात, आणि सुटल्या तरी त्यांच्यात मारण्याएवढं वजन नसतं. तरीपण दोरावर मध्ये एक ओली गोणपाट टाकायचीच, तुटला तर तो खाली पडावा म्हणून, आणि बघ्यांना लांब करायचं. हे शेवटचं गोव्यात सगळ्यात कठीण काम. गाडी अडकली की पाच मिनिटांत बाजूच्या वाड्यावरची अर्धी माणसं हजर, प्रत्येकाचं मत वेगळं, आणि सगळे उभे कुठे तर बरोब्बर दोराच्या बाजूला. मी आता एकाला ठरवून "बाब, तुम्ही जरा लोकांना मागे करा" असं सांगतो, जो सगळ्यात जास्त सल्ले देत असेल त्यालाच. काम होतं.

आता रेती. आधीच सांगतो, गोव्यात बीचवर गाडी घालायला बंदी आहे, घातली तर पोलीस केस होते, आणि मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे तर ऑलिव्ह रिडली कासवं अंडी घालायला येतात. त्यामुळे पाण्याच्या कडेला रुतलेल्या थारचा फोन आला तर मी पोलिसांना कळवा म्हणतो, माझी गाडी मी बीचवर उतरवत नाही, कोणी काही म्हणो. पण बीचच्या मागे सुरूच्या झाडांखाली, शॅककडे जाणाऱ्या वाटांवर रेतीच असते, तिथे पार्किंग करून सकाळी निघता येत नाही असे खूप सापडतात. त्यात काळ्या पाटीवर पिवळा नंबर असलेली रेंटची थार हमखास. टुरिस्टला वाटतं थार म्हणजे फोर बाय फोर, कुठेही जाणार. जानेवारी २०२३ पासून थार टू व्हील ड्राइव्हमध्येही मिळते आणि भाड्याने मिळणाऱ्यांत अशा बऱ्याच असतात, फक्त मागची चाकं ओढतात, ती रेतीत गेली की संपलं. एकजण पुण्याचा, मला म्हणतो "दादा, फोर बाय फोरचं बटण सापडत नाहीये." अरे सापडणार कुठून, नाहीच आहे ते.

रेतीत पहिलं काम हवा काढणं. ३२-३३ पीएसआयची हवा १६ ते १८ वर आणली की टायर चपटा होतो, जास्त जागा धरतो आणि गाडी रेतीवर चढते. चाकासमोरची रेती हाताने बाजूला करायची, स्टिअरिंग सरळ ठेवायचं, एकदम हळू ॲक्सिलरेटर. हवा सोडायला लागलो की टुरिस्ट असे घाबरतात की मी गाडी पंक्चर करतोय, पण बहुतेक गाड्या एवढ्यावरच स्वतःच्या चाकांनी निघतात, दोर काढावाच लागत नाही. डांबरावर पोचलं की कॉम्प्रेसरने परत हवा भरायची, नाहीतर त्याच चपट्या टायरवर तो पणजीला जाणार. जिथे दोर लागला तो एका टेम्पो ट्रॅव्हलरला, वीसेक माणसांची ट्रिप, मागची चाकं अर्धी गाडलेली. माझी पिकअप डांबरावर आणि तो रेतीत, ही तर कायनेटिकसाठी सगळ्यात चांगली जागा, ओढणाऱ्याला पक्की ग्रिप आणि अडकलेला मऊ जागेत. तिसऱ्या ओढीला निघाला. माणसं आधी सगळी खाली उतरवली हे सांगायला नको.

आता बर्फ. इथून मनाली अडीच हजार किलोमीटरच्या आसपास, तो प्रवास सोडा, त्यावर वेगळं लिहावं लागेल. अटल टनेल ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला, ९.०२ किलोमीटरचा, रोहतांगच्या खालून थेट लाहौलमध्ये सिस्सूच्या बाजूला निघतो, आणि तेव्हापासून हिवाळ्यात बर्फ बघायला सगळे तिकडेच धावतात. बर्फ पडायला लागला की मनालीच्या पुढचं सोलंग ते टनेल रस्ता जाम. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे हजारेक गाड्या अडकल्या होत्या, पोलिसांनी रात्रभर माणसं बाहेर काढली. म्हणून आता बर्फ पडला की पोलीस मनाली आणि सोलंगच्या मध्ये असलेल्या नेहरू कुंडच्या पुढे फोर बाय फोरच सोडतात, बाकीच्यांनी गाडी ठेवून तिथली टॅक्सी करायची. आम्हाला सोडलं, पण चाकांना लावायच्या चेन आहेत का विचारून.

तिथे पहिल्याच दिवशी कळलं की आपल्या चिखलाचा हिशोब इथे उलटा होतो. चिखलात माझ्या गाडीखाली निदान कडक जमीन किंवा डांबर असतं. बर्फाच्या रस्त्यावर ओढणाऱ्याची चारही चाकंसुद्धा बर्फावरच. कायनेटिक दोराला लागतो तो थोडा पळता स्टार्ट, आणि दाबून गुळगुळीत झालेल्या बर्फावर पळता स्टार्ट घेतला तर थांबणार कोण? समजा अडकलेली गाडी सुटली, ती दोराच्या जोराने सपकन पुढे येणार, तिच्या ड्रायव्हरने ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊन ती घसरतच राहणार, एकतर माझ्या मागच्या फाळक्यात नाहीतर दरीच्या बाजूला. आमच्या पुढे एक तिथलाच टॅक्सीवाला होता, जुन्या फोर बाय फोर जिप्सीचा, मी दोर बाहेर काढताना त्याने बघितलं आणि म्हणाला, "भाईसाब, पहले बेलचा. रस्सी बाद में. और ये वाली रस्सी तो यहाँ मत ही लगाओ." (बेलचा म्हणजे फावडं.) त्याच्याकडे होती साधी जुनी न ताणणारी पट्टी, चारही चाकांना चेन, आणि मागे गोणीत रेती आणि राख.

मग आम्ही त्याच्याबरोबर हरियाणा नंबरची एक हॅचबॅक काढली, त्यातून खूप शिकायला मिळालं. ती फ्रंट व्हील ड्राइव्ह, साधे टायर, मालकाने चाकं फिरवून फिरवून खालचा बर्फ वितळवलेला आणि त्याचा परत गोठून काच झालेला. टॅक्सीवाल्याने सगळ्यात आधी काय केलं असेल तर मागे जाऊन सायलेन्सरच्या नळीभोवतीचा बर्फ उपसला. लोक हीटरसाठी इंजिन चालू ठेवून काचा बंद करून बसतात, नळी बर्फात गाडली गेली की कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला ना वास ना रंग. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरी नावाच्या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये २० हून जास्त माणसं गेली, त्यात थंडीबरोबर हे पण एक कारण होतं. त्या हॅचबॅकमध्ये मागे दोन पोरं झोपलेली. मी दोर, शॅकल, अँगल असल्या विचारात आणि हा माणूस आधी नळी साफ करतोय, मानलं त्याला.

मग गाडीच्या पोटाखालचा बर्फ. तो दाबून घट्ट होतो आणि गाडी त्याच्यावर टेकून बसते, चाकांवर वजनच राहत नाही, त्यामुळे पोट मोकळं केल्याशिवाय ओढून फायदा नाही. हे करताना सगळ्यात जास्त वेळ गेला आणि त्या थंडीत फावडं मारताना पाठीतून घाम निघाला. चाकांखाली राख आणि रेती टाकली. मालकाने गाडीतली रबरी मॅट टाकून बघितली होती, ती चाकाने मागे भिरकावली, लांब पडलेली होती. आमच्याकडे घरून नेलेली काथ्याची पायपुसणी होती, टेंटमध्ये पाय पुसायला म्हणून बायकोने टाकलेली, ती उलटी करून पुढच्या चाकांखाली घातली आणि त्यांनी मस्त पकडलं. हे फुकटचं ज्ञान घ्या, बर्फात जाताना काथ्याचं पायपुसणं न्या. शेवटी जिप्सीच्या पट्टीने, लो फर्स्टमध्ये, रांगत, ती आली होती त्याच दिशेला मागे ओढली. कसलाही आवाज नाही, झटका नाही. माझा साडेनऊ हजारांचा दोर बघत बसला.

एकदा मात्र तिथे तो वापरला आणि छान चालला. सपाट पार्किंग, रात्री पडलेला ताजा भुसभुशीत बर्फ गुडघाभर, एक मोठी एसयूव्ही नाकावर ढिगात घुसलेली, आजूबाजूला उतार नाही, दरी नाही, मागे मोकळी जागा भरपूर, माझ्या चाकांना चेन. अशा जागी कायनेटिक बरोबर आहे. उतारावर, वळणावर, काळ्या बर्फावर (जो डांबरासारखाच दिसतो) अजिबात नाही.

दोराची बर्फातली आणखी एक तक्रार. नायलॉन पाणी पितं. संध्याकाळी ओला दोर तसाच बॅगेत भरून बॅग पिकअपच्या मागे ठेवली, सकाळी बॅगेची झिप उघडली तर दोर उलगडेचना, वेटोळं जसंच्या तसं गोठून कडक, रूमच्या हीटरसमोर ठेवून अर्धी सकाळ घालवली तेव्हा मऊ झाला. बर्फात नेणार असाल तर रात्री तो खोलीत घ्या. (तिथे हँडब्रेक पण लावून ठेवू नका रात्री, गोठून चिकटतो, गिअरमध्ये टाका आणि चाकाला दगड लावा.)

हेच पाणी पिणं गोव्यातही नडतं. ओला नायलॉन कोरड्यापेक्षा दहा-पंधरा टक्के कमजोर असतो, आणि आपल्याकडे चार महिने काहीही धड वाळत नाही, कपडे वाळत नाहीत तिथे दोर काय वाळणार. लेबलवर ताकद २८,००० पाउंड लिहिलीय, म्हणजे १२.७ टन. नियम असा की दोर गाडीच्या वजनाच्या दोन-तीन पट ताकदीचा हवा, माझी गाडी दोन टनाच्या आसपास, वर माल धरला तरी पुष्कळ झालं. पण वापरल्यावर साध्या पाण्याने धुवायचा, लाल माती आत राहिली तर तिची कच धाग्यांना आतून कापते. वाळवायचा सावलीत, उन्हात टाकून विसरलात तर उन्हाने पण खराब होतो. रेतीतून आल्यावर तर धुवायचाच. एक सॉफ्ट शॅकल आता बरीच लवदार झालीय, धागे वर आलेत, ती मी बाद करणार. दोर मात्र अजून ठणठणीत, रंग तेवढा गेरूसारखा झालाय.

बाकी किटमध्ये बोंब. बॅगेच्या झिपला एका पावसाळ्यात गंज चढला, आता पक्कड लावून उघडतो. हातमोजे दुसऱ्या वापराला अंगठ्याजवळ उसवले. आणि नऊ मीटर लिहिलंय तो मोजला तर साडेआठच्या जवळ भरला, विक्रेत्याला फोटो पाठवला टेप लावून, तर उत्तर आलं की लांबी ताण दिल्यावरची आहे. म्हणजे कापड विकताना ओढून मोजल्यासारखं झालं! परत पाठवायचा तर कुरियरचा खर्च माझा, म्हणून सोडून दिलं, पण राग आहे तो आहे. दोन मेसेजनंतर उत्तर देणंच बंद.

आणखी एका कामाला लोक हा दोर मागतात, बंद पडलेली गाडी घाटातून खाली न्यायला. देऊ नका. ताणणाऱ्या दोराने रस्त्यावर टो केलं की मागची गाडी पुढेमागे हेलकावे खाते, त्यात इंजिन बंद म्हणजे ब्रेकला आणि स्टिअरिंगला पॉवर नाही, चोर्ल्याच्या वळणांवर हे करायचं म्हणजे कठीण आहे. त्याला फ्लॅटबेड बोलवा. अनमोड घाटाच्या बाजूला असाल तर तो नॅशनल हायवे आहे, १०३३ ला फोन करता येतो, कोणाला लागलं असेल तर कुठूनही ११२.

तर घ्यावा का? तुमच्याकडे फोर बाय फोर असेल, वजन दीड-दोन टन असेल, पुढेमागे चॅसीला बोल्ट केलेले पक्के हुक असतील आणि पावसात तुम्हाला खरोखर लोकांचे फोन येत असतील, तर घ्या, पाचात चार स्टार, तो एक स्टार बॅग, हातमोजे आणि त्या टेपवाल्या उत्तरासाठी कापला. जिम्नीवाल्यांनी २२ घेऊ नका, १६ किंवा १९ एमएम बस झाला. हॅचबॅक किंवा सेडान असेल तर हे पैसे वाचवा, त्यात एक चांगलं फावडं, प्रेशर गेज, छोटा कॉम्प्रेसर, हुक नसलेली साधी पट्टी आणि ४.७५ टनाच्या दोन बो शॅकल (लोखंडी कड्या) एवढं सगळं येतं आणि वर पैसे उरतात. उरलेल्यात चाकाखाली घालायचे ट्रॅक्शन बोर्ड बघा, स्वस्तातले नको, त्यांचे दात पहिल्याच चाकाच्या फिरण्याला वितळतात. आणि मागवायचा असेल तर मे महिन्यातच मागवा, माझ्या पत्त्यावर तो यायला पावसाळ्यात तीन आठवडे लागले, कुरियरवाला साखळी शहरातूनच फोन करून विचारत होता की पुढे रस्ता आहे का.